बहात्तर तास आणि मराठी किशोरकादंबरी

मराठी किशोरसाहित्याविषयी बोलताना एक विधान इतक्या वेळा केले जाते की त्याला आता सिद्धान्ताची प्रतिष्ठा मिळू लागली आहे. कंपन्यांच्या राज्याविरुद्ध उभ्या ठाकणाऱ्या पोरांच्या ज्या इंग्रजी कादंबऱ्या 'यंग अॅडल्ट डिस्टोपिया' या नावाने ओळखल्या जातात, त्या सुबत्तेला कंटाळलेल्या समाजाचे अपत्य आहेत. आपल्या खेड्यापाड्यांतील मुलांपुढे आधी पोटाचा प्रश्न आहे, तेव्हा कल्पित दुःस्वप्नांची चैन त्यांना परवडणारी नाही, असे ते विधान. आम्हांला ते मुळातूनच अमान्य आहे. या कथाप्रकाराला सर्वांत सुपीक जमीन कोठे असेल, तर ती धाराशिवसारख्या जिल्ह्यात आहे असे आमचे म्हणणे आहे. ती कथा तेथे उगवली नाही याचा दोष मुलांच्या भुकेवर टाकणे सोयीचे असले तरी न्याय्य नाही. तो दोष मराठी कुमारकथेला जडलेल्या एका जुन्या सवयीचा आहे, आणि या लेखाचे भांडण त्या सवयीशी आहे.

आधी ज्या पुस्तकांवर चैनीचा आरोप होतो ती काय सांगतात ते पाहू. एम. टी. अँडरसन यांची 'फीड' ही कादंबरी २००२ साली आली. तिच्यातील मुलांच्या मेंदूत एक जोडणी बसवलेली असते. जाहिराती, गप्पा, खरेदी, शाळा, सारे तिच्यातूनच चालते. व्हायोलेट नावाची मुलगी ठरवून विसंगत वस्तूंची चौकशी करीत राहते, म्हणजे ग्राहक म्हणून आपले चित्र कंपन्यांना रेखाटता येऊ नये. पुढे तिची जोडणी बिघडते, शरीर निकामी होऊ लागते आणि दुरुस्तीसाठी ती मदत मागते. मदत नाकारली जाते, कारण तिच्या खरेदीच्या नोंदींवरून ती पैसे गुंतवण्याजोगी ग्राहक ठरत नाही. या कादंबरीत तिच्यावर कोणी बंदूक रोखत नाही, कोणी गडगडाटी हसत नाही. एक अर्ज फेटाळला जातो, एवढेच.

सुझान कॉलिन्स यांच्या 'द हंगर गेम्स'ची (२००८) ओळख आपल्याकडे धनुष्यबाण चालवणाऱ्या मुलीची साहसकथा अशी करून दिली जाते. वस्तुतः त्या कादंबरीचा पाया एका हिशेबावर आहे. बारा ते अठरा वर्षांच्या मुलांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकून त्यांतून बळी निवडायचा, असा तेथील नियम. घरात दाणा नसेल तर मुलाने आपल्या नावाची आणखी एक चिठ्ठी टाकावी आणि त्या बदल्यात एका माणसाचे वर्षभराचे थोडे धान्य व तेल घ्यावे. घरात जितकी तोंडे, तितक्या चिठ्ठ्या. आणि त्या दरवर्षी साचत जातात. नाव कोणाचेही निघू शकते असे सांगितले जाते, पण गरिबाच्या पोराचे नाव निघण्याचा संभव वर्षागणिक वाढतो. सत्ता येथे कंपनीची नसून राजधानीची आहे हे खरे; मात्र हिशेब अस्सल सावकारी आहे. उपासमारीवर उभी असलेली ही गोष्ट 'पोटाचे प्रश्न नसलेल्यांची' कशी, हे आक्षेपकांनी आम्हांला समजावून सांगावे.

आता धाराशिवकडे येऊ. ऑक्टोबर २०२० मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात अतिवृष्टी झाली आणि काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात गेले. शेतकऱ्यांनी पंतप्रधान पीक विमा योजनेखाली विमा उतरवला होता. नुकसान झाल्याची पूर्वसूचना बहात्तर तासांच्या आत दिली नाही, या कारणावरून विमा कंपनीने बहुसंख्य शेतकऱ्यांना भरपाई देण्याचे नाकारले. महसूल यंत्रणेने पंचनामे केले होते, शेते पाण्याखाली गेलेली साऱ्या जिल्ह्याने पाहिली होती. तरी विहित वेळेत विहित मार्गाने सूचना आली नाही, म्हणून नुकसान झालेच नाही असे धरले गेले. प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेले. मे २०२२ मध्ये निकाल शेतकऱ्यांच्या बाजूने लागला आणि साडेतीन लाखांहून अधिक सोयाबीन उत्पादकांना भरपाई देण्याचा आदेश झाला. पैशासाठीचे भांडण त्यानंतरही चालूच राहिले.

या प्रकरणावर लेख लिहिले गेले, आंदोलने झाली, सभागृहांत भाषणे झाली. आम्ही त्याच्याकडे साहित्याचे वाचक म्हणून पाहतो, आणि आम्हांला त्यात एक पात्र दिसते ज्याची दखल कोणीच घेतली नाही. बहात्तर तासांत मोबाइलच्या ॲपवरून किंवा टोल फ्री क्रमांकावरून कळवायचे, म्हणजे घरात कोणी कळवायचे? त्या ऑक्टोबरात शाळांना कुलपे होती आणि ज्या घरात स्मार्टफोन होता त्या घरात तासही त्याच फोनवर भरत होते. तेव्हा कळवण्याची जबाबदारी ज्याच्या अंगावर पडणार तो घरातला नववी-दहावीतला मुलगा किंवा मुलगी. वडिलांना पाऊस कळतो, पीक कळते. गट क्रमांक, बँक खाते, अर्ज क्रमांक आणि ओटीपी यांची भाषा घरात त्या एकट्या पोराला येते. वीज गेलेली, रेंज नाही, शेतात गुडघाभर पाणी, आणि घड्याळ चाललेले. पलीकडे फोन उचललाच तर उचलणारीही असेल एखादी एकोणीस-वीस वर्षांची पगारी मुलगी, जिच्या समोरच्या पडद्यावर ठरलेल्या वाक्यांपलीकडे काही नाही. सूचना वेळेत गेली नाही तर घरात दोष कोणाचा ठरेल? कंपनीचा नाही, पावसाचाही नाही. 'एवढं शिकवून तुला एक फोन लावता आला नाही', हे वाक्य ऐकणाऱ्या मुलाच्या मनात जे घडते, ती कादंबरी आहे. तिला ना उडत्या गाड्या लागतात ना परग्रह.

दुसरे उदाहरण दसरा-दिवाळीनंतर ओस पडणाऱ्या गावांचे. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातून, धाराशिवमधून आणि शेजारच्या बीडमधून, माणसे ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि हंगामभर ती अंगमेहनतीने फेडायची. फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर चढवायची. या व्यवहाराच्या परिभाषेत 'एक कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस 'अर्धा कोयता' ठरतो. माणसाचे नाव आणि वय पुसून त्याला अवजाराच्या नावाने मोजणारा हा शब्द कोणा डिस्टोपियन लेखकाने कल्पनेने घडवला असता, तर आपण त्याच्या प्रतिभेचे कौतुक केले असते. उचल जोडीला मिळते, म्हणून जोडी लवकर जमवली जाते. मागे गावात मुलगी एकटी ठेवायची कोणाच्या भरवशावर, हा धाक वेगळाच. या पट्ट्यातील बालविवाहांची कारणे शोधणाऱ्यांना ही साखळी पुन्हा पुन्हा भेटलेली आहे. पंधरा वर्षांच्या मुलीच्या लग्नाचा मुहूर्त अशा रीतीने कारखान्याच्या बॉयलर अग्निप्रदीपनाला बांधला जातो. साखळीचे दुसरे टोक कोठवर जाते हेही आता गुपित नाही: २०२४ साली 'न्यूयॉर्क टाइम्स'ने महाराष्ट्रातील ऊसतोड मजुरांची कर्जे, बालविवाह आणि स्त्रियांची गर्भाशये काढण्याच्या शस्त्रक्रिया यांविषयी सविस्तर वृत्तान्त छापला, आणि ती साखर विकत घेणाऱ्यांत जगातल्या दोन बड्या शीतपेय कंपन्या असल्याचे दाखवून दिले. धान्याच्या बदल्यात नावाची चिठ्ठी टाकणारी परदेशी मुलगी आपल्याला दूरची वाटते; उचलीच्या बदल्यात कोयत्याचा अर्धा भाग होणारी मुलगी आपल्या वर्गातल्या हजेरीपटावर असते, आणि दिवाळीनंतर त्या रकान्यात 'गैरहजर' लिहिले जाते.

सामग्री इतकी समोर असताना कादंबरी का लिहिली जात नाही? आमचे उत्तर असे, की मराठी कुमारकथेला शत्रूचा चेहरा हवा असतो. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेवर आमचेही प्रेम आहे. फुरसुंगीच्या त्या काटकुळ्या पोराने अनेक पिढ्यांना वाचनाची गोडी लावली आणि मुलगा स्वतःच्या डोक्याने चालू शकतो हा विश्वास दिला. परंतु त्याच्या जगात दुष्कृत्य म्हणजे चोर, तस्कर, हेर. एक माणूस किंवा फार तर एक टोळी. ती पकडून दिली की जग पूर्ववत होते. बनेशला पत्ता लागला की पोलिसांना कळवणे पुरते. २०१७ साली फास्टर फेणेवर चित्रपट निघाला तेव्हा विषय निवडला होता वैद्यकीय प्रवेशपरीक्षेतल्या घोटाळ्याचा, म्हणजे आजच्या किशोरांच्या जिवाशी सर्वाधिक खेळणाऱ्या व्यवस्थेचा. पण पटकथेने काय केले? व्यवस्थेचा सारा भार एका गुंडाच्या खांद्यावर ठेवला. गुंड संपला की प्रेक्षकांनी निश्चिंत व्हावे. शिकवणीचा धंदा, पालकांची कर्जे, गुणांच्या एका टक्क्यावर बेतलेले आयुष्य, यांतले काहीही त्या शेवटाने हलत नाही. लातूरच्या शिकवणी वर्गांसाठी खोली भाड्याने घेऊन राहणाऱ्या धाराशिवच्या मुलाला तो चित्रपट आवडला असेल. त्याच्या स्वतःच्या कोंडीचे नाव मात्र त्याला त्यातून मिळाले नसेल.

दुसरी परंपरा संस्काराची. 'श्यामची आई'पासून आपण सोसण्याचे सौंदर्य तेवढे उचलले. ज्या साने गुरुजींनी १९४७ साली पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराचे दार अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून प्राणांतिक उपोषण केले, त्यांच्या व्यवस्थेशी झगडण्याचा वारसा कुमारकथेने घेतला नाही, अश्रू घेतले. तिसरी परंपरा आठवणींची. मिलिंद बोकिलांच्या 'शाळा'मध्ये (२००४) आणीबाणी आहे, आणि ती मुलांच्या जगाच्या कडेकडेने कशी वावरते हे लेखकाने फार समंजसपणे दाखवले आहे. ती उत्तम कादंबरी आहे याबद्दल आम्हांला शंका नाही. पण ती मोठ्यांनी मागे वळून पाहिलेले किशोरवय आहे. आजच्या किशोराला त्याच्या आजच्या कोंडीत, त्याच्या हातातल्या फोनसकट उभे करणारी कथा ही वेगळी गरज आहे, आणि मागच्या पिढीच्या हुरहुरीने ती भागत नाही.

आमच्या म्हणण्यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की अशा कथा प्रचारकी होतील. होऊ शकतात, वाईट लेखकाच्या हाती चांदोबाही प्रचारकी होतो. पण येथे एक विसंगती नोंदवली पाहिजे. बचत करावी, व्यायाम करावा, झाडे लावावीत, आईवडिलांचे ऐकावे असे सांगणारी कथा आपल्याला 'संस्कारक्षम' वाटते; करारावर सही करण्यापूर्वी तो वाचावा असे सुचवणारी कथा मात्र 'प्रचारकी' ठरते. आज्ञापालनाचा प्रचार दिसत नाही आणि प्रश्नाचा तेवढा दिसतो, हा दृष्टिदोष समीक्षेचा आहे. दुसरा आक्षेप असा, की कोवळ्या मनांवर निराशेचे ओझे टाकू नये. ज्या मुलाने दुष्काळात टँकरमागे घागर घेऊन धावाधाव केली आहे, ज्याच्या गावात कर्जापायी कोणी जीव दिलेला आहे, त्याला निराशेपासून वाचवण्याचा हा आविर्भाव आम्हांला चमत्कारिक वाटतो. ओझे त्याच्या पाठीवर आधीच आहे. पुस्तक ते टाकत नाही. ते ओझे कोणी दिले, किती दिले, कोणत्या नियमाने दिले, हे पाहण्याची संधी देते.

याचा अर्थ इंग्रजी नमुना तसाच्या तसा उचलावा असा मुळीच नाही. त्या प्रकाराशी आमचे स्वतंत्र भांडण आहे. त्यातला नायक बहुधा असामान्य असतो, एकटा असतो, आणि त्याच्या एका धाडसाने साम्राज्य हादरते. विमा कंपनी किंवा साखर कारखाना असा हादरत नाही. शिवाय बंडखोरीची ही प्रतिमा बाजाराला अतिशय मानवते. २०१३ साली 'हंगर गेम्स'च्या दुसऱ्या चित्रपटाबरोबर एका प्रसाधन कंपनीने सौंदर्यसाधनांची मालिका बाजारात आणली, आणि तिला नाव दिले कादंबरीतल्या त्या जुलमी, नटव्या राजधानीचेच! ज्या ऐषारामावर कादंबरीने आसूड ओढला तोच ऐषाराम कादंबरीच्या नावाने विकला गेला. त्याच वेळी हेही नोंदवले पाहिजे, की २०१४ साली थायलंडमध्ये लष्करी सत्तेविरुद्ध उभ्या राहिलेल्या तरुणांनी याच कथेतली तीन बोटांची सलामी निषेधाची खूण म्हणून उचलली, आणि त्याबद्दल अटका झाल्या. म्हणजे पुस्तक बाजाराचेही होते आणि रस्त्यावरच्या पोरांचेही; ते कोणाचे होईल हे वाचणाऱ्यांवर, आणि आम्ही म्हणू, शिकवणाऱ्यांवरही, अवलंबून असते.

या प्रकारात एकट्या नायकाचा मोह टाळणारे एक पुस्तक मराठी वाचकाला विशेष अस्वस्थ करील. कोरी डॉक्टोरो यांची 'फॉर द विन' ही कादंबरी २०१० साली प्रसिद्ध झाली. ऑनलाइन खेळांतले आभासी सोने कमावून देणारी मजूर मुले, त्यांना पिळणारे ठेकेदार, आणि खेळांवर मालकी सांगणाऱ्या कंपन्या असा तिचा विषय. मुले जिंकण्याचा प्रयत्न करतात तो संघटना बांधून; वेगवेगळ्या देशांतली, एकमेकांना न पाहिलेली मुले कामगार संघ उभारतात, संप करतात, मार खातात. त्यांतली एक महत्त्वाची पात्र आहे माला नावाची मुलगी, आणि ती राहते धारावीत. मुंबईच्या झोपडपट्टीतल्या पोरीला कंपन्यांविरुद्धच्या लढ्याची सेनापती करण्याची कल्पना एका कॅनेडियन लेखकाला सुचली. ज्या शहरात गिरण्यांच्या संपाचा इतिहास घडला, ज्या भाषेत नारायण सुर्व्यांनी कामगाराला कवितेचा नायक केले, त्या भाषेतल्या किशोरकादंबरीला ती सुचली नाही. हे आम्ही अभिमानाने किंवा न्यूनगंडाने सांगत नाही. हिशेब म्हणून सांगतो.

आणि आमच्याकडे प्रतिकाराची परंपरा नाही, असेही कोणी म्हणू नये. लोहारा तालुक्यातल्या हिप्परगा येथे निजामाच्या राज्यात राष्ट्रीय शाळा चालवली गेली. स्वामी रामानंद तीर्थ तेथे मुख्याध्यापक होते. शाळेत शिकणे हीच सत्तेपुढे उभे राहण्याची पूर्वतयारी, असे मानणारे शिक्षक याच मातीत होऊन गेले. त्याहून जुनी गोष्ट तेरच्या गोरोबाकाकांची. जानेवारी २०२० मध्ये त्र्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन उस्मानाबादला भरले तेव्हा संमेलननगरीला त्यांचेच नाव दिले होते. संतांच्या मेळ्यात गोरोबांनी थापटणे घेऊन एकेकाचे डोके थापटले आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरवले, ही कथा प्रत्येक मराठी शिक्षकाला ठाऊक आहे. नामदेव दुखावले, रागावले, विठ्ठलाकडे तक्रार घेऊन गेले आणि पुढे विसोबा खेचरांकडे शिकायला गेले. परीक्षा होती, पण परीक्षकाला नाव होते, त्याच्या हातातले अवजार सर्वांना दिसत होते, आणि निर्णयावर रुसण्याची व त्यानंतर शिकण्याची वाट मोकळी होती. आज आमच्या मुलांची डोकी ज्या थापटण्याने थापटली जातात ते कोणाच्या हातात आहे हे दिसत नाही. अर्ज 'अपात्र' ठरतो, कारणाच्या रकान्यात एक सांकेतिक क्रमांक असतो, आणि दाद मागायची तर पुन्हा तोच टोल फ्री क्रमांक. कच्चे मडके ठरवणाऱ्याकडे बोट दाखवता येणे हा न्यायाचा पहिला अंश आहे, आणि ते बोट उचलायला शिकवणे हे किशोरकादंबरीचे काम आहे असे आम्ही मानतो.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. मराठवाड्यातील लेखकांनी दुष्काळ आणि ऊसतोड यांवर पुष्कळ लिहिले आहे. आता तेच जग चौदा वर्षांच्या मुलाच्या नजरेतून आणि चौदा वर्षांच्या वाचकासाठी लिहावे. त्यात खलनायक नसला तर कथा उभी राहणार नाही ही भीती सोडावी. बहात्तर तास हे पुरेसे रहस्य आहे. मुकादमाने जोडलेल्या बेरजेत एक आकडा चुकलेला आहे, आणि शिबिरातल्या तीन मुली मिळून तो शोधून काढतात, हे पुरेसे साहस आहे. अशा कथेतला विजय लहान असेल: एक पावती मिळेल, एक लग्न दोन वर्षे पुढे जाईल, एका गावाची पोरे मिळून गावातल्या सर्वांच्या सूचना वेळेत भरून देतील. तो लहानच राहू द्यावा, कारण खरा आहे.

प्रकाशकांनी कुमारवयीन मुलांसाठी राजे, शास्त्रज्ञ आणि भुते यांपलीकडे एक खण मोकळा करावा. आणि महाविद्यालयांतल्या व विद्यापीठातल्या आमच्या सहकाऱ्यांनी किशोरसाहित्य हा 'सोपा पेपर' समजणे थांबवावे. 'फीड'मधली फेटाळलेली मदत आणि मे २०२२चा खंडपीठाचा निकाल एकाच तासाला शेजारी ठेवून वाचता येतील. विम्याच्या अटींचे पत्रक हेही एक संहिताच आहे. तिचा निवेदक कोण, ती कोणाला उद्देशून बोलते, तिच्यातला 'लाभार्थी' हा शब्द कोणाला बोलू देत नाही, हे प्रश्न आपण कवितेला विचारतो तसेच तिलाही विचारता येतात. तसा तास घेतला तर मागच्या बाकावरचा कोणी विद्यार्थी म्हणेल, की त्या ऑक्टोबरात आमच्या घरचा फोन माझ्याच हातात होता. त्याला बोलू द्यावे, आणि मग त्याच्याकडून ते लिहून घ्यावे.